मुलाच्या मेंदूचा फोटो काढून आणावा का?

अबोली_सातारा (मंगळवार, रात्री १२.५०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्स. दीड वर्षापासून मोबाईलवर चौघांनी मिळून खेळायचा तो गोळीबाराचा गेम खेळतो. नाव लिहीत नाही. घरात त्या वयाचं कुणी असेल तर कळेलच. आधी तासभर चालायचं, आता रात्रीचे अडीच-तीन होतात. चार्जरची पिन वाकलीय, म्हणून वायरला रबरबँड गुंडाळून फोन उशीला एका ठरावीक कोनात टेकवतो, म्हणजे चार्जिंग तुटत नाही. फोन इतका तापतो की खाली स्टीलची ताटली घेतो. ती माझी पोह्यांची ताटली, रोज सकाळी मी ती शोधत असते.

सहामाहीला फिजिक्समध्ये ७० पैकी २२. क्रिकेट सुटलं. मागच्या महिन्यात मी राउटर पर्समध्ये घालून ऑफिसला घेऊन गेले, तर यानं शेजारच्यांचा पासवर्ड मिळवला. "आलोच, लास्ट मॅच" हे आता मला झोपेतसुद्धा ऐकू येतं.

पण सगळ्यात लागलं ते वेगळंच. परवा न चिडता विचारलं, एवढं आवडतं का रे? तर म्हणाला, "आवडत नाही गं आता. बोअरच होतं. पण बंद केला की कसंतरी होतं."

हे नोकरीनिमित्त नागपूरला असतात. त्यांनी एक बातमी पाठवली, की सतत ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांच्या मेंदूतली जाळी वेगळी असतात आणि ते एमआरआयमध्ये दिसतं. चौकशी केली तर एका ठिकाणी 'ब्रेन मॅपिंग' करून देतात, बारा हजार म्हणाले. काढून आणावं का? आणि वेगळं दिसलं तर ते पुन्हा पूर्वीसारखं होतं का?

कोपऱ्यातलं टेबल

मोबाईल काढून घ्या. बारा हजार वाचतील.

निवृत्त_पण_जागृत

टेबलराव, सहमत. आमच्या वडिलांचा मेंदूचा अभ्यास नव्हता, पण उजवा हात तयार होता. पत्त्यांचा डाव उधळून कॅट विहिरीत टाकला होता त्यांनी, मे महिन्यात, भर दुपारी. पुन्हा पत्त्याला हात लावला नाही.

आळूवडी

काका, मागच्याच आठवड्यात 'ब्रिजचा चौथा भिडू हवाय' म्हणून धागा कुणी काढला होता? हलकेच घ्या.

निवृत्त_पण_जागृत

ब्रिज वेगळा. त्याला डोकं लागतं.

रातकिडा

अबोलीताई, मी याच प्रांतातला आहे. मेंदूच्या एमआरआयच्या डेटावर पीएचडी करतोय. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारावर बोलणार नाही. पण फोटोबद्दल बोलू शकतो.

आधी ते बारा हजार खिशात ठेवा. 'ब्रेन मॅपिंग' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा ईईजी असतं, डोक्याला टोपी घालून विजेच्या लहरी मोजायच्या आणि रंगीत नकाशा छापून द्यायचा. बातमीतला एमआरआय तो नव्हेच. आणि खरा एमआरआय काढला तरी त्यावरून एका मुलाला 'गेमिंगचा आजार आहे' किंवा 'नाही' असं सांगणारी चाचणी आज जगात कुठेही नाही.

आता 'जाळं' म्हणजे काय ते सांगतो, कारण बातम्यांत हे नेहमी घसरतं. वाचणाऱ्याला वाटतं आत वायरिंग आहे आणि ते जळलंय. प्रत्यक्षात माणसाला मशीनमध्ये झोपवतात, समोर एक अधिकचं चिन्ह, 'याकडे बघत पडून राहा, झोपू नका'. सहा-आठ-दहा मिनिटं. तेवढ्यात मेंदूच्या प्रत्येक भागातल्या रक्तातला प्राणवायू किंचित वर-खाली होत असतो, अगदी संथ, एक लाट दहा सेकंदांहून लांब. ज्या दोन भागांच्या लाटा एकत्र चढतात-उतरतात ते 'एका जाळ्यातले' म्हणायचे. भजनात कोण कुणाबरोबर टाळ वाजवतंय ते लांबून बघण्यासारखं. दोघांच्या हातात दोरी बांधलेली नसते.

अशी बरीच जाळी आहेत. या विषयात तीन महत्त्वाची. पहिलं डिफॉल्ट मोड. आपण काही करत नसतो तेव्हा मन आपल्याच गोष्टींत फिरतं, ते हे (मार्कस राइकल यांच्या गटाने २००१ मध्ये हे नाव रूढ केलं). दुसरं कारभारी जाळं: ठरवणं, थांबवणं, 'उद्या पेपर आहे' हे डोक्यात धरून ठेवणं. तिसरं सेलियन्स नेटवर्क, म्हणजे आत्ता या क्षणी लक्ष द्यावं असं काय आहे ते हेरणारं. याचा मुख्य अड्डा इन्सुला नावाच्या भागाच्या पुढच्या टोकाला. स्टॅनफर्डच्या विनोद मेनन यांनी २०११ मध्ये मांडणी केली ती अशी, की हे तिसरं जाळं सांधेवाल्याचं काम करतं. गाडी स्वप्नाळू रुळावरून कामाच्या रुळावर घ्यायची की नाही, हा सांधा त्याच्या हातात.

गेममध्ये अडकलेल्यांच्या अभ्यासांत वारंवार दिसतं ते ढोबळमानाने असं: कारभारी जाळ्यातले टाळ थोडे विस्कळीत, आणि गेमचं नुसतं चित्र दाखवलं तरी सांधेवाला ताडकन उठून उभा. मात्र प्रत्येक अभ्यासात नेमके तेच भाग, त्याच दिशेने, असं नाही.

दोन वाजले. उरलेलं उद्या.

भातुकली

सांधेवाला आवडला. माझे आजोबा मिरजेला सांधेवालेच होते. रात्रपाळीला झोप लागू नये म्हणून तपकीर ओढायचे, आणि ती मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

चक्रम_चौकस

रातकिडा, एक शंका. 'गेममुळे जाळी बदलली' की 'जाळी तशी होती म्हणून गेममध्ये अडकला'? एकदाच काढलेल्या फोटोवरून हे कसं कळणार? उंच मुलं बास्केटबॉलमध्ये दिसतात, म्हणून बास्केटबॉलने उंची वाढते असं आमच्या शाळेतले पीटीचे सर सांगायचे. मी चार वर्षं खेळलो. पाच फूट तीन.

रातकिडा

चौकस, अचूक. एकदाच काढलेल्या फोटोवरून कळत नाही, आणि बहुतेक अभ्यास एकाच वेळच्या फोटोचेच आहेत. शिवाय गट लहान. वीस-पंचवीस अडकलेले, वीस-पंचवीस न अडकलेले, बहुतांशी तरुण मुलगे, बहुतांशी चीन आणि कोरियातले. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये एक मोठा लेख आला. मेंदूची रचना किंवा जोडण्या आणि माणसाचं वागणं यांचा संबंध खात्रीने सांगायचा तर माणसं हजारोंत लागतात, असा त्याचा निष्कर्ष. तो वाचून आमच्या प्रयोगशाळेत दोन दिवस कुणी चहालासुद्धा एकत्र गेलं नाही.

आणि मेलेल्या माशाची गोष्ट. २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी बाजारातून आणलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. 'या माणसाला काय वाटत असेल?' असंही विचारलं. आकडेमोडीत घ्यायची ती काळजी घेतली नाही तर माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसली. काळजी घेतल्यावर गेली. या कामाला २०१२ चं इग नोबेल मिळालं.

सुरमई_फ्राय (मालवण)

मेलेल्या माशाक माणसांचे फोटो दाखवन बारा हजार घेतत? आमी फुकट तिकला करतो.

आळूवडी

सुरमई, तिकल्याची कृती द्या. वेगळ्या धाग्यात. अबोलीताईंचा धागा भरकटवू नका.

हेडशॉट_हणम्या

काकू, मी २४, इचलकरंजी. मी तुमच्या मुलाच्या बाजूने लिहिणार आहे, चालेल ना?

इथे सगळे असं बोलतायत की गेम म्हणजे दारू. मी कॉलेजात रोज पाच तास खेळायचो. डिप्लोमा झाला, नोकरी लागली, आता शनिवार-रविवार खेळतो. माझा मित्र दोन-अडीच तासच खेळायचा आणि त्याचं पार वाटोळं झालं. नोकरी सोडून घरी बसला. तास मोजून काही कळत नाही.

आमचा प्रयोग सरकारनेच करून टाकला. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीसकट ११८ ॲप्सवर बंदी आली. लॉकडाऊन चालू, आमचा अख्खा स्क्वॉड हादरला. मला पहिले तीन-चार दिवस हातात काहीतरी नाही असं वाटत राहिलं, अंगठे वळवळायचे. मग दुसरा गेम टाकला, मग वडिलांच्या लूमवर बसायला लागलो. मित्र मात्र बंदीनंतर कुठूनतरी कोरियन सर्व्हरवाली फाईल मिळवून पहाटेपर्यंत तेच. बंदी एक, गेम एक, आम्ही शाळेपासून एका बाकावर. मग फरक कुठे?

आणि एक सांगतो. "दहा मिनिटांत बंद कर" म्हणू नका. क्लासिक मॅच शेवटपर्यंत टिकलात तर जवळपास अर्ध्या तासाची असते. मधेच सोडली तर बाकीचे तिघे मरतात आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात शिव्या घालतात. त्याला बंद करायला सांगताय तेव्हा तुम्ही त्याला मित्रांना टाकून पळ म्हणताय. मिनिटांत बोलू नका, मॅचमध्ये बोला.

अबोली_सातारा

हणम्या, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी रोज "पाच मिनिटं" म्हणते आणि रोज भांडण होतं.

सुवनकर

हणम्यांच्या 'फरक कुठे' ला उत्तर आमच्याकडे शोधलं गेलंय. मी नऊ वर्षं कोरियात आहे, सोलजवळ सुवनला. इथे स्टारक्राफ्ट खेळणारे पगारी खेळाडू असायचे. संघ, प्रशिक्षक, दिवसाला दहा-दहा तास सराव. २०१२ मध्ये इथल्या संशोधकांनी तीन गट घेतले: गेमच्या आहारी गेलेले २०, व्यावसायिक खेळाडू १७, आणि साधे १८. अडकलेले आणि व्यावसायिक, दोघेही तासन्‌तास खेळणारे, पण मेंदू सारखे नव्हते. समोरासमोर ठेवले तर व्यावसायिकांत सिंग्युलेट नावाचा मेंदूचा डावा भाग जास्त भरलेला, अडकलेल्यांत थॅलॅमस नावाचा डावा भाग. शिवाय पत्ते लावायच्या एका चाचणीत नियम गुपचूप बदलतो. अडकलेल्यांचा गट नियम बदलल्यावरही जुन्याच नियमाला जास्त चिकटून राहिला. गट लहान आहेत, रातकिडा रागावतील, पण मला हा अभ्यास फार आवडतो.

आता कायद्याचं ऐका. २०११ मध्ये इथे सोळाच्या आतल्या मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद करण्याचा कायदा आला. लोक त्याला सिंड्रेला कायदा म्हणत. पोरांनी आई-बापांच्या ओळख क्रमांकाने खाती उघडली. दरम्यान खेळ संगणकावरून मोबाईलवर गेला आणि मोबाईल गेम कायद्यातून वगळलेलेच होते. २०२२ च्या सुरुवातीला कायदा रद्द. चीनने २०२१ मध्ये उलट आणखी आवळलं: अठराच्या आतल्यांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणासुदीला, रात्री ८ ते ९.

माझ्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर पीसी बँग, म्हणजे गेम खेळायचं सायबर कॅफे आहे. चोवीस तास उघडं, तिथेच उकळते नूडल्स मिळतात. पहाटे साडेपाचला मी ऑफिसच्या बससाठी उतरतो तेव्हा काही पोरं बाहेर येत असतात. हल्ली ओळख झालीय, मान लववतात.

निवृत्त_पण_जागृत

थोडक्यात, पगार मिळाला की व्यसन नाही?

चक्रम_चौकस

काका, गमतीने विचारलंत पण प्रश्न वाईट नाही. पगारी खेळाडूला सामना संपला की प्रशिक्षक, चुकांचा हिशेब, जेवणाची वेळ. म्हणजे कारभार बाहेरून होतोय.

निवृत्त_पण_जागृत

मी गमतीने विचारलं नव्हतं.

गुळाचा_गणपती_नव्हे

एवढं लांबण कशाला? सरळ आहे. गेम = डोपामिन. डोपामिन = आनंद. आठवडाभर डोपामिन उपवास करा, मेंदू रिसेट. मी केला, त्वचासुद्धा उजळली.

रातकिडा

नाही हो, आणि उपवासाने डोपामिन शून्य झालं असतं तर तुम्हाला हा प्रतिसाद टंकता आला नसता, हात हलायलाही ते लागतं.

गेम आणि डोपामिनचा गाजलेला प्रयोग १९९८ चा, लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधला. आठ पुरुष, एक रणगाड्याचा गेम, आणि स्ट्रायटम या खोलातल्या भागात डोपामिन वाढलेलं दिसलं. तेव्हापासून प्रत्येक बातमीत हा येतो. जे येत नाही ते असं, की त्या आठ जणांना गेमच्या प्रत्येक पातळीमागे ७ पौंड मिळत होते. वाढ गेमची किती आणि पैशांची किती, सांगा.

आणि डोपामिन म्हणजे आनंद हेही तितकंसं खरं नाही. माकडांवरच्या प्रयोगांतून, १९९७ च्या एका प्रसिद्ध लेखात, शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डोपामिनच्या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की उसळतात. ठरलेला रस ठरल्या वेळी मिळाला तर थंड. आधी इशारा दिला तर इशाऱ्यालाच उसळतात. म्हणून गेममधल्या पेट्या कधी रिकाम्या, कधी भरलेल्या. दर वेळी भरलेली निघाली असती तर पोरांनी आठवड्यात गेम टाकला असता.

अबोलीताई, तुमच्या मुलाचं ते वाक्य मी काल दोनदा वाचलं. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन हे दोघे १९९३ पासून हेच म्हणतायत, की आवडणं आणि ओढ वाटणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओढ वाढत जाते आणि आवड तिथेच राहते किंवा आटते. 'आवडत नाही पण बंद केला की कसंतरी होतं.' आमच्या पाठ्यपुस्तकाला हे सांगायला दीड पान लागतं.

भातुकली

तपकीर. तंतोतंत. आजोबा म्हणायचे, "चव कसली आलीय, नाक मागतं."

कोपऱ्यातलं टेबल

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

आळूवडी

टेबल, काय लिहिलं होतंत?

कोपऱ्यातलं टेबल

धर्मराजाचा एमआरआय काढला असता तर काय दिसलं असतं, असा विनोद होता. मग आठवलं, माझ्या धाकट्या भावाने ऑनलाइन रमीत बायकोचे दागिने घालवलेत. विनोद जमेना.

पहिला प्रतिसादही मागे घेतो, अबोलीताई. त्याच्याकडून मोबाईल काढून घेतला होता आम्ही. साधा फोन दिला. त्याने ऑफिसच्या शिपायाच्या मोबाईलवर खातं उघडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. तो दोन महिने घरात येरझाऱ्या घालत होता. आता बरा आहे. म्हणजे जेवतो, बोलतो. रमी वाचलं की मान फिरवतो.

हेडशॉट_हणम्या

टेबलकाका, 🙏

मृदुला_समुपदेशक

हा धागा आज सकाळी कुणीतरी पाठवला. मी पुण्यात किशोरवयीन मुलांबरोबर काम करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. त्यात तासांचा उल्लेखच नाही. हणम्या अगदी बरोबर बोलला. पाहतात ते असं: खेळावर स्वतःचा ताबा उरला नाही, बाकी सगळ्याच्या आधी खेळ आला, आणि नुकसान दिसत असूनही चालू राहिलं. आणि हे सहसा निदान बारा महिने. याने घरात, शिक्षणात, मित्रांत ठळक मोडतोड व्हायला हवी. एमआरआयचा त्यात संबंध नाही. निदान बोलून होतं. या निदानावर खुद्द तज्ज्ञांतही वाद झाले, अनेकांना वाटलं की सरसकट खेळणाऱ्या मुलांवर शिक्का बसेल.

अबोलीताई, तुम्ही लिहिलेल्या गोष्टींवरून मी इथे निदान करणार नाही. पण मी पहिल्या भेटीत गेमबद्दल फार कमी विचारते. झोप कधीपासून बिघडली? आधी झोप गेली की आधी गेम आला? लहानपणापासून वस्तू हरवणं, एका जागी न बसणं, अर्धवट सोडणं होतं का? अवधानाचा त्रास (एडीएचडी), उदासपणा, चारचौघांत जायची भीती, यांतलं काहीतरी अशा मुलांत पुष्कळदा सोबत असतं. कधी कधी तेच मुळाशी असतं आणि गेम हे त्यावर त्याने स्वतःच शोधलेलं औषध असतं. क्रिकेट का सुटलं, हे विचारलंत का?

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून याच कामाचा खास दवाखाना आहे, शट क्लिनिक. इतक्या लांब जायला नको असेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं. तिथून सुरुवात करा.

रातकिडा

मृदुलाताईंनी मूळ प्रश्नाचा पहिला अर्धा भाग निकाली काढला. दुसरा राहिला: पुन्हा पूर्वीसारखं होतं का?

'पूर्वीसारखं' कुणाचंच होत नाही, वापराप्रमाणे मेंदू बदलतच असतो. लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूत वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा मागचा हिस्सा मोठा आढळला होता, २००० मध्ये. आणि ॲक्शन गेम खेळणाऱ्यांचं नजरेने टिपायचं लक्ष न खेळणाऱ्यांपेक्षा चांगलं निघालं, हेही २००३ मध्ये 'नेचर'मध्येच आलंय. त्यात न खेळणाऱ्यांना दहा दिवस खेळायला लावलं तर त्यांचंही सुधारलं. अमेरिकेत तर २०२० मध्ये अवधानाचा त्रास असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी एका व्हिडिओ गेमला औषध खात्याने परवानगी दिली. म्हणजे बदल हा शब्द आपोआप बिघाड होत नाही.

आणि सतरा वर्षं. कपाळामागचा तो कारभारी भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. वाईट बाजू ही, की सांधेवाला जोरात आणि स्टेशनमास्तर अजून उमेदवार. चांगली बाजूही तीच.

चक्रम_चौकस

पण सांधेवाला, स्टेशनमास्तर... डोक्यात एवढी माणसं बसवली तर त्यांच्या डोक्यात कोण?

रातकिडा

चौकस, मला थिसिस लिहायचाय. झोपतो.

अबोली_सातारा (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते. ब्रेन मॅपिंगला नेलं नाही. मृदुलाताईंचा क्रिकेटचा प्रश्न विचारला. अकरावीत संघातून वगळलं होतं, सरांनी सगळ्यांसमोर 'तू पाणी आणत जा' म्हटलं होतं. हे घरात कुणाला माहीत नव्हतं. गेममध्ये तो स्क्वॉडचा लीडर आहे. तो सांगतो कुठे उतरायचं आणि बाकीचे तिघे तिथे उतरतात.

१४४१६ ला मी आधी स्वतःच फोन केला, अर्धा तास रडले, मग त्याच्याशी बोलणं करून दिलं. पुढच्या गुरुवारी एका मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळालीय. अवधानाची तपासणी करू म्हणाले. लहानपणी याने सहा कंपासपेट्या हरवल्या होत्या, एकाच वर्षात. मी मारलं होतं त्यासाठी.

घरी हणम्याचा नियम. जेवणानंतर दोन मॅच, मग फोन स्वयंपाकघरात ओट्यावर. मधेच बंद करायला मी सांगत नाही. अकरा दिवस चाललं, बाराव्या दिवशी पहाटे चारला ओट्यावरून फोन गायब. काही बोलले नाही. तेराव्या दिवसापासून पुन्हा सुरू. झोपायला एक-दीड होतोय, तीन नाही. पोह्यांची ताटली जागेवर असते.

हणम्या, एक विचारायचंय. सीझन संपायला सहा दिवस राहिलेत, रँक पुश करायचाय म्हणतो. काय करू?

हेडशॉट_हणम्या

काकू, त्या आठवड्यापुरत्या तीन द्या. आणि डॉक्टरांना सांगा तसं दिलंय म्हणून. रँक कुठली आहे त्याची?

अबोली_सातारा

विचारून आले. क्राउन म्हणाला. चांगली असते का?

हेडशॉट_हणम्या

बरी असते. मी पण क्राउनलाच अडकलोय.

अबोली_सातारा

त्याला सांगितलं. पहिल्यांदाच हसला. म्हणतोय, आयडी विचार त्या दादाला.

सुरमई_फ्राय (मालवण)

तिकल्याची कृती पाककृती विभागात टाकलंय. सामन घेव नकात, बांगडो घेया.